ओल्या गोणपाटाचा उन्हाळा

एप्रिल उजाडला की आमच्या कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्यांची सुगी सुरू होते. प्रकल्प अहवालांना स्पायरल बाइंडिंग करून घ्यायला पोरंपोरी रांगा लावतात, गरम कागदाचा वास रस्त्यापर्यंत येतो आणि दुकानदार कुलरसमोरून हलायला तयार नसतो. या दिवसांत मी मुद्दाम त्या बाजूनं चालत जाते. डोक्याला पांढरा रुमाल, हातात पाण्याची बाटली आणि मनात जुना राग. माझ्या बरोबरीच्या बाया उन्हाळा आला की कुरडया-पापडांचं बघतात. मला एक ओळ आठवते. ‘केवळ सपाट, शहरी रस्त्यांसाठी उपयुक्त.’ एवढीच. ही ओळ मी लिहावी म्हणून एका अख्ख्या उन्हाळ्यात मला गोडीनं, रागानं आणि शेवटी कंटाळून समजावण्यात आलं. मी ती लिहिली नाही. आजही लिहिणार नाही.

माझे वडील, अण्णा, सोयगावला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. हुद्द्यानं डॉक्टर नव्हते, पण लोक डॉक्टरच म्हणायचे. सोयगाव घाटाच्या पायथ्याकडचं. फर्दापूर सोडलं की रस्ता वळणं घेत अजिंठ्याच्या डोंगरावर चढतो. अण्णांची आधीची नोकरी त्या वरच्या पठारावर झालेली. बदली होऊन खाली आले तरी वरची माणसं त्यांनाच बोलवायची. कुणाची म्हैस अडली, कुणाच्या बैलाच्या खांद्याला सूज आली, की अण्णा मोटरसायकल काढायचे. गाडी जुनी, शंभर सीसीची, किक मारताना तिच्याशी दोन शब्द बोलावे लागत. मागच्या कॅरियरला लसींची बर्फाची पेटी बांधलेली आणि त्या पेटीवर ओलं गोणपाट. उन्हाळ्यात वाटेत जिथं हापसा दिसेल तिथं थांबून ते गोणपाट भिजवायचे. वारा लागला की ओलं गोणपाट गार पडतं, हे मी शाळेत शिकायच्या आधी त्या कॅरियरवर शिकले. अण्णांची एकही लस उन्हानं वाया गेल्याचं मला आठवत नाही.

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की पेट्रोलची जुनी मोटरसायकल विजेवर करायची. नवी गाडी बनवायची नाही, आहे तीच. आपल्याकडं गाडी भंगारात निघत नाही, ती धाकट्या भावाकडं जाते, मग मेव्हण्याकडं, मग शेतावर. त्या गाड्यांचं काय करायचं, हा माझा प्रश्न होता. प्रयोगाला गाडी हवी होती. मी सोयगावला गेले आणि अण्णांना सांगितलं. त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली.

“घे. फाड,” म्हणाले. “एकच सांग, घाट चढंल का?”

“चढंल,” मी म्हणाले.

त्या वेळी माझ्याकडं मोटर नव्हती, बॅटरी नव्हती, मार्गदर्शकांची सही नव्हती. होकार मात्र मी देऊन बसले होते.

इंजिन काढलं ते चिकलठाण्यात, रफिकभाईंच्या शेडमध्ये. रफिकभाई म्हणजे लेथवर आयुष्य गेलेला माणूस. कानावर पेन्सिल, बोटांच्या रेषांत कायमचं काळं तेल. पहिला बोल्ट सोडायच्या आधी ते थांबले. “मॅडम, अब्बा को पूछे ना? गाडी उनकी है. इंजिन निकालतूं मैं, लेकिन बाद में रोना नक्को.” मी हो म्हटलं. इंजिन बाहेर आलं तेव्हा जमिनीवर थोडं जुनं ऑइल सांडलं, आणि त्या वासानं मला एकदम शाळेच्या फाटकावर अण्णांची वाट बघणारी मी आठवले. रिकाम्या जागेकडं बघवेना. मग तिथं बॅटरीची पेटी बसली, तिच्याखाली मोटर बसली, आणि चेन मात्र जुनीच ठेवली. सीटखालच्या बाजूच्या कप्प्यात कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारी डबी. ही डबी फार तापली की स्वतःला वाचवायला सगळंच बंद करते. हे तिचं वागणं लक्षात ठेवा, पुढं त्याच्यावरच सगळं अडलं.

माझे मार्गदर्शक जोशी सर. त्यांच्याविषयी वाईट लिहायला माझा हात वळत नाही, कारण माणूस सरळ होता आणि माझ्यापेक्षा दुप्पट शिकलेला होता. पण त्यांच्या टेबलावरचं सगळं गणित खोलीचं तापमान पंचवीस अंश धरून चाललेलं असे. पंचवीस अंश. आमच्याकडं मे महिन्यात मडक्यातलं पाणी तेवढं असलं तर माणूस मडक्याचं कौतुक करतो. मी हे बोलून दाखवलं तर सर म्हणाले, “प्रमाण म्हणून काहीतरी धरावं लागतं.” खरं आहे. पण दर वेळी जे धरलं जातं ते कुणाच्या घरचं हवामान असतं, हे विचारलं की माणूस उद्धट ठरतो. मी ठरले.

मेच्या मध्यावर पहिली चाचणी. गाडी टेम्पोतून आधीच सोयगावला नेऊन ठेवली होती, मी मागाहून एसटीनं फर्दापूरला उतरले. अण्णा गाडी घेऊन स्टँडवर हजर. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “ये, दाखवतो,” म्हणाले आणि गाडीच्या बाजूला गेले. कंट्रोलरच्या कप्प्याभोवती त्यांनी ओलं गोणपाट गुंडाळून सुतळीनं पक्कं बांधलं होतं, अगदी लसीच्या पेटीला बांधायचे तसं, गाठसुद्धा तीच.

“तू म्हणली व्हतीस ना, तापली की बंद पडती. आता तापतीय कशाची.”

हे लिहिताना आज हसू येतं, पण खरं सांगते, मला त्यात काहीही चुकीचं वाटलं नाही. मी एम.टेक.ची विद्यार्थिनी. उष्णता कशी वाहते यावर दोन पेपर पास झालेले. आणि मी त्या गोणपाटावर बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं. दुसऱ्या कुणाच्या लेकीनं ते बघताक्षणी सोडवलं असतं. मी लसीच्या पेटीला टेकून बसत वाढलेली. मला ते बघून धीर आला.

सुरुवातीला गाडी झकास चढली. अण्णा पुढं, मी मागं, हातात तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळं सागाच्या वाळलेल्या पानांवरून पळणारी वानरं ऐकू येत होती. निम्मा घाट गेला. मग आकडा एकाएकी उडी मारून वर गेला, आणि पुढच्या वळणावर मोटर मेली. कुरकुर नाही, आचका नाही, नुसतीच बंद. गाडी मागं सरकायला लागली. अण्णांनी दोन्ही पाय टेकवले, मी उडी मारून मागून धरली, आणि मागच्या ट्रकवाल्यानं भोंग्यावर हात ठेवला तो काढलाच नाही.

गाडी कडेला घेतली. पठारावरचा एक ओळखीचा माणूस त्याच्या पेट्रोलच्या गाडीवरून चढत होता. वेग कमी करून म्हणाला, “काय डॉक्टर, ढकलगाडी केली व्हय?” आणि हसत गेला.  अण्णांनी टोपी काढून घाम पुसला. गोणपाटाला हात लावून बघितला, तर ते वाळून पापडासारखं कडक झालेलं. त्यांचा हात त्या गोणपाटावर तसाच राहिला. छप्पन्न वर्षांचा माणूस, भर उन्हात, स्वतःची चालती गाडी लेकीच्या शब्दावर फाडायला दिलेला. मला त्या ट्रकवाल्याचा राग आला, हसणाऱ्याचा आला, पण सगळ्यात जास्त माझ्या त्या ‘चढंल’चा आला.

परत येऊन जोशी सरांना सगळं सांगितलं, गोणपाटासकट. ते आधी खूप हसले. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “हे बघ, सबमिशनला दोन आठवडे आहेत. शहरात तुझी गाडी उत्तम चालते. शेवटी एक ओळ टाक, ‘केवळ सपाट, शहरी रस्त्यांसाठी उपयुक्त’. मी सही करतो. जेवढं सिद्ध झालं तेवढंच लिहायचं असतं.”

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणूनच ते लागलं. सिद्ध झालेलं नव्हतंच. पण ती ओळ मी हॉस्टेलच्या खोलीत कागदावर लिहून बघितली आणि माझ्या लक्षात आलं की ती गाडीविषयी नाहीच. ती अण्णांविषयी आहे. जो घाटाखाली राहतो, जो उन्हात फिरतो, ज्याच्या कॅरियरवर ओझं असतं, त्याला त्या एका ‘केवळ’नं बाहेर काढलं होतं. अशा ओळी किती ठिकाणी लिहिल्या गेल्या असतील. कुठलं तरी यंत्र, कुठलं तरी बियाणं, कुठली तरी योजना, आणि शेवटी बारीक अक्षरात आमच्यासाठी नाही असं सभ्य भाषेत. कागद फाडला. सरांना जाऊन सांगितलं, “सर, मग सिद्ध करून आणते.”

“तारीख जाईल.”

“जाऊ द्या.”

“एक सत्र वाया जाईल तुझं.”

“जाऊ द्या, सर.”

त्यांनी पुढची फाइल ओढली. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. 

खरी गंमत नोंदींत निघाली. घाट चढतानाचे आकडे मी ओळीनं मांडले तर पहिला तुकडा प्रयोगशाळेतल्या आकड्यांपेक्षा चांगला होता. म्हणजे गोणपाट ओलं होतं तोवर अण्णा बरोबर होते. लसीच्या पेटीला हापशावर थांबता येतं, घाटात हापसा नाही. वाळलं की तेच गोणपाट गोधडी होतं, आणि मेमध्ये गोधडी पांघरून कोण घाट चढेल? तेवढं कळलं. पण गोणपाट काढलं तरी गणित जेमतेमच बसत होतं. मुळात डबी एवढी तापत का होती, याचं उत्तर वेगळीकडं होतं. मी गाडीला पेट्रोलच्या गाडीएवढं पळवायला निघाले होते, कारण तुलनेच्या तक्त्यात पहिला रकाना सर्वाधिक वेगाचा असतो. फोनवर अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “घाटात पळायचं कुणाला हाय, माय? म्हशीचं पोट फुगलं म्हणून मी जातो. मला पोचायचं असतं.”

दुसऱ्या दिवशी मी रफिकभाईंच्या शेडमध्ये. मागच्या चाकाचं दातेरी चक्र, ज्याला गॅरेजवाले चेनसॉकेट म्हणतात, त्याचे दाते वाढवायचे. बेचाळीसच्या जागी बावन्न. वेग पाचव्या हिश्शानं कमी होणार, पण चढावर मोटरला जोर कमी लावावा लागणार, म्हणजे वीज कमी, म्हणजे ताप कमी. रफिकभाईंनी कानावरची पेन्सिल काढून लाकडी फळीवरच हिशेब केला. “हौ, बावन. बनता. चेनगार्ड काटना पडता, चेन की कडियां बढाना पडता. कब होना?”

“लवकर. पाऊस यायच्या आत.”

“बारिश आने दो ना. कायकू डरते?”

कशाला घाबरत होते, ते त्यांना समजावताना माझीच मला लाज वाटली. पाऊस आला की हवा गार होणार. गार हवेत गाडी घाट चढली तर कुणीही म्हणेल, पावसाळ्यात काय, चढणारच. मला भट्टी हवी होती. सगळा मराठवाडा आभाळाकडं डोळे लावून बसलेला, जायकवाडीत पाणी किती उरलं याच्या बातम्या रोज पेपरात, आमच्या स्वतःच्या शेतात नांगरट होऊन ढेकळं वाट बघत पडलेली, आणि मी एकटी दुपारी गच्चीवर जाऊन ढगांना म्हणत होते, थांबा, अजून चार दिवस थांबा. जगाच्या विरुद्ध असा हट्ट मी त्या आधी केला नव्हता. सबमिशनची तारीख त्याच आठवड्यात आली आणि गेली. मैत्रिणींनी काळ्या कव्हरचे प्रबंध हातात धरून फोटो काढले. मी लेथवरून उडणाऱ्या लोखंडाच्या किसाकडं बघत बसले होते.

जूनच्या सुरुवातीला दुसरी चाचणी. आभाळात ढग होते, पण उकाडा मेपेक्षा वाईट. कंट्रोलर आता सीटखालून काढून पुढं, हँडलच्या खाली, वाऱ्याच्या तोंडावर बसवला होता. उघडा. अण्णा त्याच्याकडं बघत होते आणि त्यांच्या हातात सवयीनं गोणपाट होतंच.

“हे घेऊ का संगं?” त्यांनी विचारलं. आवाजात संकोच होता.

“घ्या. लसीच्या पेटीवर घाला,” मी म्हणाले. पेटी मी मुद्दाम बर्फानं भरून कॅरियरला बांधली होती. ओझ्याशिवाय अण्णा कधी घाट चढलेच नव्हते, मग चाचणीत तरी का चढावं?

गाडी सावकाश निघाली. चेनचा खसखस आवाज, मध्येच वानरांचं हुप्प. मागून येणारे सगळे आम्हाला ओलांडून जात होते, आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. मागच्या वेळी बंद पडली ते वळण आलं. मी यंत्राकडं बघायचं सोडून अण्णांच्या पाठीकडं बघत होते. सदरा घामानं चिकटला होता, खांदे ताठ. वळण गेलं. पुढचं आलं.  रस्ता सपाट झाला, पठारावरचा मोकळा वारा तोंडावर आला, तेव्हा अण्णांनी गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली, मागं वळून एकदा घाटाकडं बघितलं.

“वर आलो,” म्हणाले.

एवढंच. मग पेटीवरचं गोणपाट काढून त्यांनी तोंड पुसलं. मी रडले, आणि रडले याची मला अजिबात लाज नाही. त्या आठवड्यात अजून तीनदा चढवली, दर वेळी भर दुपारी.

प्रबंध पुढच्या सत्रात दिला. त्यात मी गोणपाटावर एक परिच्छेद लिहिला. ओलं असताना काय झालं, वाळल्यावर काय झालं, आकड्यांसकट. जोशी सरांनी तो वाचला, पेन उचललं, ठेवलं आणि सही केली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मात्र तोच परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. खोलीत हशा पिकला. “बाई, हे गॅरेजचं काम झालं,” ते म्हणाले. “यात संशोधन कुठं आहे? आणि शेवटची ओळ ही काय आहे? ‘ही गाडी भर उन्हाळ्यात, दोन माणसं आणि ओझं घेऊन अजिंठ्याचा घाट चढते.’ असं लिहितात का निष्कर्षात? व्याप्ती मर्यादित करून लिहा.”

गॅरेज हा शब्द त्यांनी शिवीसारखा वापरला. मला रफिकभाईंची पेन्सिल आठवली. मी म्हणाले, “सर, व्याप्ती मर्यादितच आहे. एकच घाट आहे. पण तो चढलाय.”

“ओळ बदलणार नाही?”

“नाही.”

श्रेणी एका पायरीनं खाली आली. येऊ दे. ज्यांना वरची मिळाली त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. पण कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कपाटात आजही माझा प्रबंध आहे, आणि त्याची शेवटची ओळ मी लिहिली तशी आहे. अधूनमधून जाऊन मी ती बघून येते. गर्व म्हणा हवं तर. आहेच.

अण्णा आता निवृत्त झाले, तरी बोलावणी थांबलेली नाहीत. बॅटरी एकदा बदलली, चेन दोनदा. वरच्या वस्त्यांवरची गुरं पूर्वी गाडीचा आवाज आला की सुई ओळखून दावी तोडायला बघायची. आता डॉक्टर गोठ्यात येऊन उभा राहीपर्यंत त्यांना पत्ता लागत नाही, याची अण्णांना फार मजा वाटते. ज्यानं ढकलगाडी म्हटलं होतं तो मागच्या वर्षी त्याची गाडी घेऊन रफिकभाईंचा पत्ता विचारत आला. मी पत्ता दिला. बरोबर दोन टोमणेही दिले. माझं मन एवढं मोठं नाही.

मी आता त्याच कॉलेजात शिकवते, आणि परवा परीक्षकाच्या खुर्चीत होते. समोर शेवटच्या वर्षाची मुलगी, कपाळावर घाम, हातात ताजा स्पायरल अहवाल. विषय तोच, जुन्या मोटरसायकलचं विजेवर रूपांतर. काम चांगलं होतं, वायरिंग नेटकं. मी शेवटचं पान उघडलं. ‘केवळ सपाट, शहरी रस्त्यांसाठी उपयुक्त.’ शब्दसुद्धा बदललेले नव्हते.

“हे कुणी सांगितलं लिहायला?”

“कुणी नाही, मॅडम. सगळे लिहितात.”

“गाव कुठलं तुझं?”

“चाळीसगाव.”

“इथून घरी जाताना वाटेत काय लागतं?”

 “कन्नडचा घाट,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच अहवालाकडं बघत राहिली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. परीक्षेत फोन घ्यायचा नसतो, पण दुपारचे दोन वाजले होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि त्या वेळी येणारा तो फोन मी कधी चुकवत नाही. मी फोन तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग थोडा दम लागलेला म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

“वर आलो.”

फोन बंद झाला. मी अहवाल मिटून तिच्याकडं सरकवला.

“चढवून आण,” मी म्हणाले. “मग बघू काय लिहायचं ते.”